मशीनला टोपडं

परदेशी पाहुणे येणार असले की आमच्या ऑफिसात आधी कुंड्या यायच्या. भाड्याच्या. पानापानावरून ओलं फडकं फिरवलेल्या. पाहुणे गेले की टेम्पो येऊन त्या घेऊन जायचा आणि खिडकीबाहेरच्या बांधकामाची धूळ पुन्हा आमच्या टेबलांवर येऊन बसायची. आमचं काम हवेचं प्रदूषण आणि लोकांचं आरोग्य यांवर होतं.

प्रकल्प आंतरराष्ट्रीय भागीदारीचा होता. म्हणजे मशिनं तिकडची आणि फुप्फुसं इकडची. तिकडच्या विद्यापीठातले एक प्रोफेसर आणि इकडच्या संस्थेतल्या आमच्या मॅडम असे दोघं प्रमुख. दर आठवड्याला त्यांचा व्हिडिओ कॉल व्हायचा. त्यातला बराचसा वेळ माझा आवाज येतोय का, तुमचा येत नाहीये, आता येतोय, यात जायचा. उरलेल्या वेळात एकमेकांचं कौतुक.

मला या नोकरीत कशासाठी घेतलं हे मुलाखतीतच कळलं होतं. मॅडम नारायण पेठेतल्या. बोलणं स्वच्छ, साडी कडक. त्यांनी विचारलं, "कुठे राहतेस?"

"वारज्याला."

"हो, पण मूळची कुठली?"

पुण्यात हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की त्याचा गावाशी संबंध नसतो. मी सांगितलं की वडील येरवड्यात वाढले, सरकारी नोकरी लागल्यावर वारज्याला आले, आणि माझी आत्या अजून येरवड्यातच असते. वस्तीचं नाव ऐकून मॅडमचा चेहरा उजळला. "अरे वा! म्हणजे तुला कम्युनिटीचा ॲक्सेस आहे. आणि इंग्लिशही छान आहे तुझं."

घरी जाऊन मी आईला सांगितलं की आजपासून आत्याचं नाव ॲक्सेस.

माझं पद मोठं होतं, काम एकच होतं. प्रोफेसरांचं इंग्रजी वस्तीतल्या बायकांना मराठीत सांगायचं आणि बायकांचं मराठी प्रोफेसरांना इंग्रजीत. मी लहानपणापासून कमी बोलणारी. इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, आणि इंग्रजी बोलताना मुली हसायच्या. त्यावर गप्प राहणं हा उपाय मी पहिलीतच शोधला होता. दुसऱ्याचं बोलणं पोचवण्याचं काम मला त्यामुळे बरं वाटलं. फक्त मॅडमची एक अट होती. "जसंच्या तसं नको गं सांगूस. थोडं पॉलिश कर."

एकदा एक बाई प्रोफेसरांकडे बघून म्हणाल्या, "दर वर्षाला कोणीतरी येतं, आमच्या पोरांच्या खोकल्याचे फोटो काढतं आणि जातं. हे कधी जाणार म्हणाव?" मी इंग्रजीत सांगितलं, की हा सहवास किती काळ चालेल याची बाईंना उत्सुकता आहे. प्रोफेसरांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

आत्याची गोष्ट वेगळी होती. तिला प्रकल्पाकडून खरोखरच काहीतरी हवं होतं.

आत्या ब्लाउज शिवते. मुलगा, सून आणि दुसरीतली नात यांच्यासोबत दोन खोल्यांत राहते. घराच्या मागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे भंगाराची वखार. संध्याकाळ झाली की तिथे विजेच्या जुन्या वायरी पेटवतात. वरचं प्लास्टिक जळून जातं आणि आतलं तांबं मोकळं होतं. त्या धुराला एक गोडसर वास असतो. एकदा नाकात गेला की रात्रीच्या वरणातही तोच लागतो. त्या वेळी नातीच्या छातीत शिट्टी वाजायची. ती पाटावर बसून अभ्यास करायची आणि शब्द वाचता वाचता मध्ये थांबायची. शब्द अडला म्हणून थांबलीय की श्वास अडला म्हणून, हे तिच्या आईला पाठीवरून कळायचं.

गल्लीतल्या बायका घेऊन आत्या वॉर्ड ऑफिसात गेली होती. तिथले साहेब म्हणाले, "मावशी, धूर काय पुण्यात सगळीकडेच आहे. त्या वखारीचाच धूर तुमच्या घरात येतो, याला पुरावा काय?"

आत्या म्हणाली, "नाक."

"नाकाचा पुरावा चालत नाही."

म्हणून मी प्रकल्पाचं सांगायला गेले, तेव्हा तिने चहा टाकण्याआधी एकच विचारलं. "तुझ्या मशीनचा पुरावा चालेल का?"

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, अर्थातच, आपले निष्कर्ष वॉर्ड ऑफिसला जाणारच आहेत, पुराव्यातून कृती हेच तर आपलं ब्रीद आहे. हे खरं होतं. ते ब्रीद आमच्या कापडी पिशव्यांवर छापलेलंही होतं. आत्याने घरोघर फिरून गल्ली तयार केली.

मग समाजमंदिरात बैठक झाली. मशिनं टेबलावर मांडली होती. पांढरी, जेवणाच्या डब्याएवढी, एका बाजूला जाळी आणि एक हिरवा दिवा. हवेतले बारीक कण मोजायची. मॅडम त्या दिवशी फार रंगात होत्या. मॅडमचा उपवास होता. फील्डवर जायच्या दिवशी त्यांचा उपवास असायचाच; कधी चतुर्थी, कधी गुरुवार, कधी नुसतंच "आज काही घेत नाहीये हो." आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या मॅडम फारच देवाधर्माच्या दिसतात गं. ऑफिसात खातात का काही?"

"खातात. साबुदाणा सोडून सगळं."

प्रोफेसर मात्र पुढे येईल ते खात होते आणि प्रत्येक घासाला कोणीतरी त्यांचा फोटो काढत होतं.

मॅडम बायकांना म्हणाल्या, "अहो ताई, ही मशिनं फार लांबून आलीयत. फार नाजूक आहेत. पाणी लागू द्यायचं नाही, आपटू द्यायची नाहीत. काय? घरातल्या लहान बाळासारखी जपायची!" बायका हसल्या, माना डोलावल्या. मी प्रोफेसरांना ते इंग्रजीत सांगितलं. त्यांना बाळाची उपमा इतकी आवडली की त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

मशिनं घरोघर गेली. आत्याच्या घरचं मशीन फळीवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी बसलं. ठरावीक दिवसांनी मी जाऊन आतलं मेमरी कार्ड बदलायची. जायच्या आधी फोन करायचा असा प्रकल्पाचा नियम होता. न सांगता कोणाच्या घरी टपकणं नीतिमत्तेत बसत नव्हतं. मी फोन करायची, आणि पोचेपर्यंत प्रत्येक घर लख्ख असायचं, मशीन पुसलेलं, हिरवा दिवा लुकलुकत.

काही महिन्यांनी, प्रकल्प संपत आला तेव्हा, आकडे आले. व्हिडिओ कॉलवर आलेख दिसला. सकाळी स्वयंपाकाच्या वेळी रेघ वर जात होती, दुपारी खाली. संध्याकाळी, म्हणजे वखार पेटते त्याच वेळी, ती अगदी तळाला गेलेली. दिवसातली सगळ्यात शुद्ध हवा तेव्हाची.

प्रोफेसर खूश झाले. अपेक्षेच्या उलट काही निघालं की संशोधक खूश होतात, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळचं वारं असेल, ते म्हणाले, किंवा पारंपरिक घरांची रचनाच अशी असेल की धूर आत येत नाही. मॅडम म्हणाल्या, "हो, आपल्याकडचं पूर्वापार शहाणपण." आत्याच्या घराला वर पत्रा आहे आणि एक खिडकी आहे. ती खिडकी धुरामुळे संध्याकाळी बंद असते. मी कॅमेरा बंद ठेवून बसले होते. कॉलवर मी नेहमीच कॅमेरा बंद ठेवते.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी फोन न करता येरवड्याला गेले.

गल्लीच्या तोंडाशीच वास आला. आत्या दारात होती. मला बघून म्हणाली, "अगं, फोन तरी करायचा!" आणि लगबगीने आत वळली. मी मागोमाग गेले. फळीवर मशीन होतं आणि त्याला टोपडं घातलेलं होतं. ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचं, बारीक फुलांचं, कडेला लेस, खाली बंदांची गाठ. आत्याने ते अलगद उचललं, लोखंडी कपाट उघडलं, साड्यांच्या कप्प्यात ठेवलं आणि दार लावलं.

"हे काय?"

"धूर सुरू झालाय ना. आत ठेवते मग. निवला की काढते."

"रोज?"

"रोज म्हणजे? कधीकधी धूर येतो का? रोजच येतो." माझा चेहरा बघून ती थांबली. "तुमच्या मॅडमच म्हणाल्या ना, बाळासारखं जपा. बाळाला धुरात कोण उघडं ठेवतं?"

शेजारी विचारलं. सगळ्यांनी मशिनांना टोपडी घालून ती आत ठेवली होती. टोपडी आत्यानेच शिवून दिली होती, प्रत्येकीला तिच्या ब्लाउजच्या तुकड्यातून. मी फोन केला की टोपडं उतरवायचं, मशीन पुसायचं आणि पाहुण्यांसमोर छान ठेवायचं. बाळाला नाही का आपण पाहुणे येण्याआधी पावडर लावत?

कपाटाशेजारी पाटावर नात बसली होती. तिच्या छातीतून शिट्टी येत होती. तिची आई श्वासाचा पंप हलवत होती.

मी आत्याला सांगितलं की त्या मशीनला हवा आत ओढायला उघडं राहावं लागतं. कपाटात त्याने जे मोजलं तेच आता वॉर्ड ऑफिसला जाणार आहे: तुमच्या घरात संध्याकाळी धूर नसतो.

आत्या खाली बसली. मग म्हणाली, "हे त्या दिवशी सांगायला काय झालं होतं तुमच्या बाईला? पाणी लावू नका, आपटू नका. उघडं ठेवा एवढं तोंडातून निघालं नाही?"

मी मॅडमना सांगितलं. त्यांच्या केबिनमध्ये, उभ्याने, शक्य तितक्या कमी शब्दांत. त्यांनी डोळे मिटले. "आत्ता? अगं, समारोपाला पाहुणे निघाले तिकडून. हॉल बुक झालाय."

"पण आकडे कपाटातले आहेत, मॅडम."

"सगळी मशिनं काही कपाटात नसतील. आणि फील्ड डेटामध्ये असं थोडंफार चालायचंच. आपण एक तळटीप टाकू." मग प्रेमळ आवाजात, "तुला वाईट वाटणार, मी समजू शकते. तू तिथलीच ना."

समारोप एका मोठ्या हॉटेलात झाला. हॉलच्या चारही कोपऱ्यांत हवा शुद्ध करणारी यंत्रं घोंघावत होती. वॉर्डातल्या साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. वस्तीतल्या बायकांना मिनीबसने आणून मागच्या रांगेत बसवलं होतं, प्रत्येकीच्या मांडीवर कापडी पिशवी. प्रोफेसर बोलत होते आणि मी शेजारी माइक धरून उभी होते. पडद्यावर ती रेघ आली, संध्याकाळी तळाला गेलेली. प्रोफेसर म्हणाले, वस्तीतल्या घरांमधली संध्याकाळची हवा समाधानकारक आहे. तळटीप पडद्यावर होती. ती वाचायला पडद्याला नाक लावावं लागलं असतं.

मी मराठीत सांगितलं. साहेबांनी समाधानाने मान हलवली.

आत्या मागच्या रांगेतून उभी राहिली. तिच्यासाठी माइक नेला तर तो तिने बाजूला सारला. पिशवीतून टोपडं काढून वर धरलं.

"हे तुमच्या मशीनचं टोपडं," ती म्हणाली. "मी शिवलंय. मॅडम म्हणाल्या बाळासारखं जपा, आम्ही जपलं. रोज धूर आला की कपाटात ठेवलं. तुम्ही आमच्या घरातली हवा नाही मोजली. कपाटातली मोजली."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. मॅडमनी माझ्याकडे बघून दोन बोटं हवेत गोल फिरवली. ही त्यांची पॉलिशची खूण होती.

मला स्वतःचं काही बोलायचं असतं तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. पण ते आत्याचं बोलणं होतं, आणि दुसऱ्याचं बोलणं पोचवायची मला सवय होती. मी जसंच्या तसं सांगितलं. "मॅडम म्हणाल्या" हेही गाळलं नाही.

"कपाटातली हवा चांगलीच आहे," आत्या पुढे म्हणाली. "तिथं माझ्या साड्या असतात. पण आमची पोरगी कपाटात मावत नाही. ती बाहेर असते."

तेही सांगितलं.

यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. प्रोफेसर मंचावरून उतरून मागच्या रांगेपर्यंत आले. त्यांचे डोळे ओले झाले होते. त्यांनी टोपडं हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले की हा या संपूर्ण प्रकल्पातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे. लोक यंत्राशी नातं कसं जोडतात, यावर आजवर पुरेसं काम झालेलं नाही. त्यांचे फोटो निघाले, टोपड्यासह. मग त्यांनी नम्रपणे विचारलं, हे मी माझ्या विद्यापीठात ठेवायला नेऊ का?

मी आत्याला विचारलं.

"नाही म्हणाव. धुवायचंय."

मी तेही जसंच्या तसं सांगितलं.

साहेब खुर्चीतूनच मागे वळून म्हणाले, "म्हणजे मावशी, पुरावा तुम्हीच कपाटात ठेवलात की!" आणि हसले. पुढच्या रांगाही हसल्या. असं वाक्य सुचणाऱ्या माणसाला पुण्यात माफी असते.

आत्या हसली नाही. "मग आता उघडं ठेवते. महिनाभर राहू द्या मशीन. फळीवर नको, खिडकीत ठेवते. मग येते तुमच्या ऑफिसात."

मी सांगितलं. प्रोफेसरांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी घड्याळाकडे. मशिनं परत जायची होती. दुसऱ्या देशातल्या वस्तीला ती आधीच कबूल केलेली होती. मात्र, प्रोफेसर म्हणाले, पुढच्या टप्प्यात आपण इथे पुन्हा येऊ आणि लोक यंत्रं का झाकतात याचा सखोल अभ्यास करू. हेही मी मराठीत सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि ती बसली.

मिनीबसपाशी तिने मला विचारलं, "सगळं सांगितलंस का गं त्याला?"

"सगळं."

"साड्यांचं पण?"

"साड्यांचं पण."

"बरं केलंस. इंग्लिश मीडियमचा काहीतरी उपयोग झाला."

मशिनं गोळा करायला मलाच पाठवलं. आत्याने फळी पुसायला बुद्धमूर्ती उचलली, तर तिच्याखाली एक चौकोन स्वच्छ राहिला होता, बाकी फळीवर काळपट थर. मी त्याचा फोटो काढून मॅडमना पाठवला. हाच पुरावा आहे, असं खाली लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला.

त्या संतापात मी नोकरी सोडली असं लिहायला छान वाटलं असतं. करार संपला आणि तो कोणी वाढवला नाही. पॉलिश न करणाऱ्या दुभाष्याची पुढच्या टप्प्यात गरज नव्हती. शोधनिबंध निघणार आहे, त्यात टोपड्याचा फोटो असणार आहे, असं कानावर आलंय. वखार चालू आहे.

समारोपानंतर आत्याने एकदाच माझ्या वडिलांना फोन केला. "दादा, पोरीला तुझ्याकडे पाठवते. शाळा तिकडंच बघ." वडिलांनी विचार करून सांगतो असंसुद्धा म्हटलं नाही. पोरगी दप्तर आणि पंप घेऊन आली. आता ती माझ्या खोलीत झोपते. प्रकल्पाच्या भाषेत ती पाहणीतून गळाली, म्हणजे तिचा श्वास सुधारला की नाही हे कुठल्याच आकड्यात येणार नाही. शनिवारी तिची आई येते आणि रविवारी संध्याकाळी जाते. ती गेली की पोरगी बाल्कनीच्या गजांना धरून रस्ता रिकामा होईपर्यंत उभी राहते. शुद्ध हवेत. तिला कोणी विचारलं नव्हतं की आई हवी की हवा.

परवाच्या रविवारी सुनेबरोबर आत्याही आली होती. दुपारचं जेवण झाल्यावर तिने नातीला पुढ्यात उभं केलं आणि मला म्हणाली, "लाव तुझं मशीन."

मी पोरीच्या पाठीला कान लावला. ती खिदळली. "थंड आहे तुझा कान!"

"गप्प उभी राहा," आत्या तिला म्हणाली, आणि मला, "काय म्हणतंय गं मशीन?"

"काही वाजत नाहीये."

"नीट ऐक."

मी नीट ऐकलं. श्वास आत जात होता आणि बाहेर येत होता, बाकी काही नाही. "खरंच नाही वाजत."

आत्याने पोरीचा फ्रॉक खाली ओढून सारखा केला आणि खिडकीतून उन्हाकडे बघितलं. मग पिशवी उचलून सुनेला म्हणाली, "चल गं, बस गाठू. धूर सुरू व्हायच्या आत खिडकी लावायचीय."